मोटार नवी, सॉकेट जुने

पुण्याहून साताऱ्याकडे जाणाऱ्या महामार्गावर खेड शिवापूर मागे पडले आणि कापूरव्होळ यावयाचे राहिले, की मधल्या पट्ट्यात वरवे बुद्रुक लागते. भोर तालुक्यातील महामार्गालगतच्या या गावांची अर्थव्यवस्था गेल्या काही दशकांत शेतीवरून नोकरीकडे सरकत गेली आहे. उत्तरेस पुणे शहर आणि दक्षिणेस नीरेपलीकडे शिरवळची कारखानदारी, अशा दोन ओढींच्या मध्ये ही गावे उभी आहेत. शाळेत शिकवणारे, कचेरीत बसणारे, कारखान्यात पाळी करणारे अनेकजण येथून रोज साठ-सत्तर किलोमीटरची ये-जा करतात. विजेवर चालणाऱ्या मोटारीचा खरा ग्राहक कोण, असा प्रश्न विचारला तर त्याचे उत्तर पुण्याच्या मध्यवस्तीत नव्हे, तर अशा गावांत सापडावे. शहरातील सदनिकाधारकाला गाडी उभी करण्यास हक्काची जागा मिळण्याची मारामार. मग तेथे तार ओढून गाडी भारित करण्याची गोष्ट दूरच. गावात मात्र स्वतःचे अंगण आहे, ओसरी आहे, स्वतःच्या नावाचे वीजमीटर आहे.

हिशेबही सरळ आहे. सत्तर किलोमीटरच्या फेरीस पेट्रोलची मोटार चार-साडेचार लिटर पेट्रोल पिते आणि पेट्रोलचा लिटरचा दर शंभर रुपयांच्या वर आहे. तेवढ्याच अंतरास लहान विजेरी मोटारीला, वाया जाणारी वीज धरूनही, दहा युनिटांच्या आसपास लागतात. घरगुती मीटरवर महिन्याला अडीचशे युनिटांची भर पडली म्हणजे महावितरणच्या शंभर, तीनशे आणि पाचशे युनिटांच्या टप्प्यांमुळे बिल वरच्या दरात ढकलले जाते, हे खरे. आणि विक्रेत्याच्या कागदावरील हिशेबात ही गोष्ट बहुधा नसते. तरीदेखील वरचा दर धरून खर्च पेट्रोलच्या निम्म्याहून खालीच राहतो. मध्यमवर्गीय कुटुंबाने या मोहात पडावे यात वावगे काही नाही. किंबहुना त्याला मोह म्हणणेही अन्यायाचे होईल. तो शहाणपणाचा हिशेब आहे.

परंतु या हिशेबात एक वस्तू धरलेली नसते. ती म्हणजे भिंतीतील पॉवर पॉइंट. दहा-पंधरा लाखांची मोटार अंगणात येते, तिच्यासोबत मिळालेली चार्जिंगची केबल घरातल्या ‘पंधरा अँपिअर’च्या सॉकेटात खोचली जाते आणि घरचे निर्धास्तपणे झोपी जातात. काही आठवड्यांनी कोणाच्या तरी लक्षात येते, की प्लग हाताला चटका देतो. आणखी काही दिवसांनी सॉकेटाचे पांढरे प्लॅस्टिक एका छिद्राभोवती पिवळे, मग तपकिरी पडते. जळक्या बॅकेलाइटसारखा वास येतो. वायरमनला बोलावले, की तो नवा प्लग बसवून जातो. महिन्याभरात तोही तापतो. मग दोष गाडीला दिला जातो, कंपनीला दिला जातो, क्वचित महावितरणला दिला जातो. खरा दोषी भिंतीत शांतपणे बसून असतो.

वस्तुतः यात गूढ असे काहीच नाही. वाहकातून वीज वाहताना जी उष्णता निर्माण होते ती प्रवाहाच्या वर्गाच्या आणि रोधाच्या प्रमाणात असते, हा जूलचा नियम १८४१ सालापासून ठाऊक आहे आणि शाळेच्या पाठ्यपुस्तकांतही आहे. प्लगची पितळी पिन आणि सॉकेटातील पितळी पाते यांचा स्पर्श घट्ट असेल तर तेथील रोध नगण्य असतो. पाते सैल झाले, त्यावर काजळी चढली, पावसाळी दमटपणाने गंज धरला किंवा सॉकेटाच्या मागे तारेचा स्क्रू ढिला राहिला, तर तो रोध वाढतो. समजा तो एक दशांश ओहम झाला. पंधरा अँपिअरचा वर्ग दोनशे पंचवीस. त्याचा दशांश म्हणजे साडेबावीस वॅट. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या हातातील डाग देण्याची इस्तरी साधारण पंचवीस वॅटची असते. म्हणजे भिंतीतल्या त्या बंद डबीत, नखाएवढ्या जागी, जवळजवळ एक डाग देण्याची इस्तरी रात्रभर चालू ठेवल्यासारखे होते. शिवाय हा रोग स्वतःला पोसणारा आहे. उष्णतेने पात्याची स्प्रिंग मऊ पडते, पितळेवर ऑक्साइडचा थर चढतो, स्पर्श आणखी सैल होतो आणि दुसऱ्या रात्री उष्णता पहिल्यापेक्षा जास्त निर्माण होते.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो: हेच सॉकेट गीझरला वर्षानुवर्षे चालले, मग मोटारीलाच का चालू नये? येथेच खरी मेख आहे. दोन किलोवॅटचा गीझर नऊ अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढतो आणि पाणी तापले, की पाव तासात आपोआप बंद होतो. इस्तरी थांबत थांबत चालते. वातानुकूल यंत्र खोली थंड झाली, की दम घेते. घरातल्या कोणत्याही उपकरणाने आजवर सॉकेटाकडून सलग आठ-आठ तास चौदा-पंधरा अँपिअरची मागणी केलेली नव्हती. ३.३ किलोवॅटचा चार्जर २३० व्होल्टांवर १४ अँपिअरहून अधिक प्रवाह घेतो, आणि ३०.२ किलोवॅट-अवरची बॅटरी असलेली मोटार (२०२० च्या जानेवारीत बाजारात आलेल्या नेक्सॉनची पहिली आवृत्ती या मापाची होती) जवळजवळ रिकामी असेल तर हे नऊ-दहा तास चालते. गीझरच्या वेळी सॉकेटाला तापण्यास जेवढा वेळ मिळतो त्याच्या अनेकपट वेळ निवण्यासाठी मिळतो. मोटारीच्या वेळी निवण्याची सवडच नाही. जे सॉकेट गीझरच्या परीक्षेत वर्षानुवर्षे उत्तीर्ण झाले, ते या परीक्षेला कधी बसलेलेच नव्हते.

या सॉकेटाचा वंशही लक्षात घेण्याजोगा आहे. आपल्याकडील गोल पिनांचे पाच व पंधरा अँपिअरचे प्लग ब्रिटनच्या १९३४ सालच्या प्रमाणावरून आले. ब्रिटनने स्वतः १९४७ मध्ये चौकोनी पिनांचा, पोटात फ्यूज असलेला नवा प्लग स्वीकारला आणि जुना हळूहळू मोडीत काढला. आपण जुनाच चालू ठेवला. भारतीय मानकाने पुढे त्याची मापे सहा व सोळा अँपिअर अशी केली, म्हणून नव्या सॉकेटावर ‘१६ अँ.’ असे छापलेले असते. बाजारातल्या तोंडी मात्र अजूनही पंधराच आहे. आकडा वाढला तरी ज्या घराची वायरिंग पूर्वीच झाली त्या घरात पाते, स्क्रू आणि तार जुन्याच राहिल्या. कित्येक घरांत पॉवर पॉइंट म्हणून जे दिसते, त्याच्या मागे दिव्याच्या सर्किटातून ओढलेली बारीक तार असते. काही जुन्या घरांत ती अल्युमिनिअमची असते, आणि अल्युमिनिअम स्क्रूखाली दबून कालांतराने ढिले पडते, हा वायरमन मंडळींचा जुना अनुभव आहे.

संरक्षणासाठी बसवलेली एमसीबी अशा वेळी काय करते, असा प्रश्न सुशिक्षित माणूस विचारतो. ती काहीच करीत नाही, आणि तिच्याकडून तशी अपेक्षा करणेही चुकीचे आहे. एमसीबी पाहते ती प्रवाह किती आहे एवढेच. प्लग तापत असताना प्रवाह नेमका जेवढा असावयास हवा तेवढाच असतो. बिघडलेला असतो तो सांधा. गळती ओळखणारे आरसीसीबी उपकरणही येथे आंधळेच, कारण वीज गळत नसते, जळत असते. क्वचित एमसीबी पडलीच, तर घरमालकाचा पहिला उपाय असतो तो तिच्या जागी मोठी बसवण्याचा. विहिरीवरच्या पंपाचा फ्यूज वारंवार जातो म्हणून त्यात तार दुहेरी घालणारा शेतकरी आणि सोळाच्या जागी बत्तीसची एमसीबी बसवून घेणारा पदवीधर नोकरदार यांच्यात तत्त्वतः काडीचा फरक नाही. पंप जळाला तर विहिरीवर जळतो. येथे तार घरातल्या भिंतीतून गेलेली असते.

मग करावे काय? प्रथम तापते ते नेमके कोठे, हे शोधावे. चार्जिंग सुरू झाल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने ते आधी गाडीच्या बाजूने थांबवावे, मग भिंतीवरचे बटण बंद करावे आणि त्यानंतरच प्लग काढून पिना पाहाव्यात. भार चालू असताना प्लग ओढण्याची सवय अनेकांना असते. त्यात जी ठिणगी पडते ती पितळेला खड्डे पाडते, आणि पुढच्या तापण्याची सुरुवात तेथूनच होते. एकच पिन काळवंडली असेल तर सॉकेटातील त्या बाजूचे पाते सैल आहे असे समजावे. पिना स्वच्छ आहेत पण सॉकेटाची पाटी तापते, तर मागचा स्क्रू ढिला असण्याचा संभव अधिक. प्लग, पाटी आणि त्याबरोबर भिंतीतील तारेची वाटही कोमट लागत असेल, तर तारच अपुरी आहे. तेथे सॉकेट कितीही वेळा बदलले तरी उपयोग नाही. मध्ये पंधराचे पाच करणारा कन्व्हर्टर किंवा एक्स्टेंशन बोर्ड असेल, तर पुढे शोध घेण्याचेच कारण उरत नाही. तो आधी काढून टाकावा. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक नियमांनी चार्जिंग केंद्रांसाठी अशी जोडकेबल निषिद्धच ठरवली आहे. सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर उंच असावे आणि ३० मिलिअँपिअरहून अधिक नसलेल्या गळतीला वीज तोडणारे उपकरण असावे, असेही ते नियम सांगतात. केंद्राला जे धोक्याचे, ते घराच्या ओसरीत निर्धोक होईल असे मानण्यास आधार नाही.

वायरमन केवळ प्लग बदलून जातो, ही या दुरुस्तीतील सर्वांत सामान्य चूक होय. जळालेल्या सॉकेटात घातलेला नवा प्लग काही दिवसांत जुना होतो, आणि जळालेला प्लग नव्या सॉकेटाला बिघडवतो. दोन्ही एकाच वेळी बदलली पाहिजेत, दोन्ही आयएसआय चिन्हाची व चांगल्या वजनाची असली पाहिजेत, आणि मीटरच्या पाटीपासून त्या सॉकेटापर्यंत चार चौरस मिलिमीटर तांब्याची स्वतंत्र तार व तिला तिची स्वतंत्र एमसीबी असावी. ओसरीत पावसाची झड येत असेल तर झाकणाची पेटी हवी. भोरच्या पावसाळ्यात उघड्या पितळेला हिरवा गंज धरण्यास एक हंगाम पुरतो. हे झाल्यावर प्लग सॉकेटातच राहू द्यावा आणि रोजची काढघाल गाडीच्या टोकाला करावी. त्या टोकाची जोडणी हजारो वेळा काढण्याघालण्यासाठीच बनवलेली असते. भिंतीतले सॉकेट तशा हिशेबाने बनवलेले नसते.

अर्थिंगचा प्रश्न याहून गंभीर आहे, कारण तेथे केवळ अज्ञान नाही, लबाडीही आहे. गाडीचा चार्जर जमिनीशी जोड नीट नसेल तर चार्जिंग सुरूच करीत नाही. लाल दिवा लावून बसतो. गावातील अनेक घरांत अर्थिंगचा खड्डा एक तर नसतो, किंवा मीठ-कोळसा घालून वीस वर्षांपूर्वी केलेला, उन्हाळ्यात कोरडाठाक पडलेला असतो. नवा खड्डा करावयाचा म्हणजे खर्च आणि दोन दिवसांची खटपट. त्यावर काढला जाणारा तोडगा असा, की सॉकेटाच्या मागे न्यूट्रलची तार अर्थच्या पिनेला जोडून द्यावयाची. चार्जर फसतो, दिवा हिरवा होतो, वायरमन शंभराची नोट खिशात घालून जातो. पुढे कधी खांबावर किंवा घरात न्यूट्रल तुटली, तर मोटारीचा संपूर्ण धातूचा सांगाडा जिवंत तारेशी जोडला जातो. ओल्या अंगणात अनवाणी उभे राहून गाडीला हात लावणाऱ्या मुलाच्या दृष्टीने याचा अर्थ काय होतो, हे सांगण्याची आवश्यकता नाही. अशा जोडणीला तोडगा म्हणणे हीच मुळी भाषेची फसवणूक आहे.

या सर्व प्रश्नाला एक असेही उत्तर आहे, की जे कोणी फारसे सांगत नाही, कारण त्यातून कोणाची विक्री होत नाही. रोजची गरज दहा युनिटांची असेल, तर रात्रीचे आठ तास हाताशी असताना पंधरा अँपिअर ओढण्याचे कारणच काय? दहा अँपिअरने आठ तासांत अठरा युनिटांपर्यंत वीज मिळते. सहा अँपिअरनेही अकराच्या आसपास मिळते. अनेक मोटारींत किंवा त्यांच्या चार्जरमध्ये प्रवाह कमी ठेवण्याची सोय असते. उष्णता वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे पंधराऐवजी दहा अँपिअर घेतले, की सांध्यातील उष्णता निम्म्याहूनही खाली, चव्वेचाळीस टक्क्यांवर येते. सुट्टीच्या दिवशी कोल्हापूरला जावयाचे असेल तेव्हा बॅटरी पूर्ण भरण्याची घाई समजू शकते. रोज स्वारगेटला जाऊन येणाऱ्याने ती का करावी? सैल सॉकेटावरचा हा इलाज नव्हे, हेही खरे. जे जळू लागले आहे ते बदललेच पाहिजे. परंतु जे सुस्थितीत आहे त्याचे आयुष्य यामुळे कितीतरी वाढते, आणि ते फुकट वाढते.

इतर देश या वाटेने आधी गेले आहेत. अमेरिकेत तीन तास वा अधिक काळ सलग चालणाऱ्या भारासाठी सर्किटाच्या क्षमतेच्या ऐंशी टक्केच प्रवाह घ्यावा, असा वायरिंगच्या संहितेचा दंडक आहे. म्हणून तेथील पंधरा अँपिअरच्या सॉकेटातून मोटार बाराच अँपिअर घेते. फ्रान्समध्ये साध्या घरगुती सॉकेटावर मोटारीचा प्रवाह आठ अँपिअरच्या आसपास रोखलेला असतो, आणि अधिक हवा असेल तर त्यासाठी खास मजबूत सॉकेट बसवावे लागते. ब्रिटनमध्ये तेरा अँपिअरच्या प्लगावर दहाच घेतले जातात. हा शहाणपणा तेथेही ठेच लागल्यावाचून आला नाही. २०१३ च्या नोव्हेंबरात कॅलिफोर्नियातील अर्व्हाइन येथे एका घराच्या गॅरेजमध्ये आग लागली, तेव्हा भिंतीतील सॉकेट किंवा चार्जिंगची केबल यांपैकी एका ठिकाणचा वाढीव रोधाचा सांधा हे संभाव्य कारण अग्निशमन खात्याने सांगितले. टेस्ला कंपनीने दोष आपला नसल्याचे म्हटले. पण २०१४ च्या जानेवारीत तिने सुमारे २९ हजार मोटारींसाठी, तापल्यावर वीज तोडणारा फ्यूज असलेले नवे अडॅप्टर दिले, आणि भिंतीकडून येणाऱ्या विजेत असाधारण चढउतार दिसल्यास गाडीने आपण होऊन प्रवाह पाऊणपट करावा अशी सुधारणा केली. दोष कोणाचा हा वाद बाजूला ठेवून उपाय करता येतो, याचे हे उदाहरण.

आपल्याकडे सर्व लक्ष आहे ते मोटार विकण्यावर. महाराष्ट्राच्या २०२१ च्या धोरणाने खरेदीवर अनुदान ठेवले. २०२५ च्या धोरणाने खरेदीतील सवलतीबरोबर पुणे-मुंबई द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतू यांवरील पथकरही माफ केला. सार्वजनिक चार्जिंग केंद्रांसाठी पैसा आहे, घोषणा आहेत. मोटार मात्र बहुतेक वेळा घरीच भारित होते, आणि त्या घरातील शेवटच्या दोन फुटांकडे पाहणारी कोणतीही योजना नाही. अर्थशास्त्रात ज्याला माहितीची विषमता म्हणतात ती येथे तिहेरी आहे. विक्रेत्याला सॉकेटाचा धोका ठाऊक असतो, पण ते बोलून विक्री मोडण्याची त्याची इच्छा नसते. वायरमनला तारेची जाडी कळते, पण या नव्या भाराचे स्वरूप कळतेच असे नाही. ग्राहकाला पैसे द्यावयाचे असतात आणि त्याला यातले काहीच दिसत नाही. भिंतीच्या बाहेरून दोनशेचे सॉकेट आणि पन्नासचे सॉकेट सारखेच पांढरे असते. अशा बाजारात स्वस्त माल चांगल्या मालाला हुसकावून लावतो, हे जॉर्ज ॲकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखवून दिले होते. नव्या मोटारींच्या सॉकेटाला ते तंतोतंत लागू पडावे, हा योगायोग गमतीचा आहे.

भाड्याच्या घराची गोष्ट तर आणखी वेगळी. महामार्गालगतच्या गावांत बदलीवर आलेले शिक्षक, कारखान्यातील कारकून भाड्याने राहतात. स्वतंत्र तार आणि अर्थिंग यांचा काही हजारांचा खर्च भाडेकरूने दुसऱ्याच्या भिंतीत का घालावा, आणि मालकाने ज्या गाडीचा त्याला उपयोग नाही तिच्यासाठी का करावा, या दोन रास्त प्रश्नांच्या मध्ये ते काम कायमचे अडकून पडते. मग खिडकीतून एक्स्टेंशन बोर्ड बाहेर येतो.

नव्या वीजजोडणीच्या वेळी परवानाधारक कंत्राटदाराचा चाचणी अहवाल मागण्याची पद्धत महाराष्ट्रात जुनी आहे. तीच पद्धत येथे लावण्यास नवा कायदा लागत नाही. मोटारीच्या सवलतीचा अर्ज करताना विमा आणि नोंदणीचे कागद जोडतात, तसा घरातील चार्जिंगच्या जागेचा एक पानी अहवाल जोडावा: तारेची जाडी, स्वतंत्र एमसीबी, गळतीरोधक उपकरण, अर्थिंगचा मोजलेला रोध आणि पूर्ण प्रवाहावर तासभरानंतरचे प्लगचे तापमान. अनुदानातील अगदी थोडा हिस्सा थेट या कामासाठी राखून ठेवला, तर भाडेकरू आणि मालक यांच्यातील कोंडीही बऱ्याच अंशी सुटेल. विक्रेत्यांपैकी काहीजण गाडी देताना घराची पाहणी करून देतात. ती सर्वांवर बंधनकारक करावी आणि तिचा खर्च किमतीतच धरावा. पंधरा लाखांच्या किमतीत पाच हजारांची भर पडल्याने एखादा ग्राहक माघारी फिरेल, ही भीती मोटार कंपन्यांनी बाळगण्याचे कारण नाही. रस्त्यावरच्या खर्चाचा हिशेब ज्याने केला आहे, त्याला हा आकडा महिन्याभराच्या पेट्रोलहूनही लहान असल्याचे चटकन दिसेल.